बाई, त्या पत्त्याबद्दल

तीर्थरूप बाईंस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. ते एकदा तुम्ही आमच्यासाठी सगळ्या जगाला दिसेल असं उघडं ठेवलंत, आणि जवळजवळ चार वर्षं तसंच राहू दिलंत. म्हापशात तुमच्या टायपिंग क्लासचा लाकडी जिना चढलेल्यांना मी कोणाबद्दल बोलतोय ते कळेलच. बाकीच्यांना नाही कळलं तरी चालेल.

2014 चा पावसाळा. आम्ही पाच जण, पाच गावांतले, आणि पाचही जण आपापल्या खोलीत दार लावून एकेक वेबसाइट चालवत होतो. फोंड्याचा एचआयव्हीच्या चाचणीची माहिती देत होता. डिचोलीचा आमच्यासारख्या समलिंगी मुलांच्या आईवडिलांसाठी लिहीत होता. काणकोणचा गेस्ट हाउसांची यादी करत होता, दोन पुरुषांनी एक खोली मागितली तर जिथे कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही अशांची. साखळीचा कविता छापायचा. मी पेडण्याचा, मला सर्व्हरचं थोडंफार कळत होतं. एकाच खड्ड्यात पाच जण पाच वेळा पडत होतो. गोवा म्हटलं की समलिंगी पर्यटकांसाठी इंग्रजीत हवं तेवढं होतं, कारण विमानाने येणाऱ्याच्या खिशात पैसे असतात. पण पेडण्यातल्या बारावीच्या मुलाला त्याच्या मराठीत काय होतं? मुंबईत 1990 मध्येच ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचं नियतकालिक सुरू झालं होतं, पुण्यात 2002 पासून समलिंगींसाठी समपथिक ट्रस्टचं काम चालू होतं. आम्हाला मात्र कोणी भेटलं नव्हतं. वाचक होता, पण गिऱ्हाईक म्हणून त्याला कोणी मोजत नव्हतं. म्हणून ठरवलं, अशा साइट चालवणाऱ्यांची एक मोट बांधायची. एकाला आलेली अडचण सगळ्यांनी सोडवायची, सर्व्हरचा खर्च वाटून घ्यायचा.

शुक्रवारी भेटायचो, कारण शुक्रवारी म्हापशाचा बाजार. त्या दिवशी म्हापशाला का गेलास, असं बार्देशात, पेडण्यात कोणी विचारत नाही. तुमच्या क्लासमध्ये दुपारी दोन ते चार संगणक मोकळे असायचे, ते तासावर घ्यायचो. आम्ही नावं सांगितली नाहीत, तुम्हीही विचारली नाहीत. वहीत तुम्ही गावं लिहायचात: फोंडा, डिचोली, काणकोण, साखळी, पेडणे. पुढे हाकही त्याच नावांनी मारू लागलात.

आता ती दुपार. सगळ्यांसाठी मिळून एक डोमेन, म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव, घ्यायचं होतं आणि पडद्यावरचा अर्ज भरता भरता आम्ही एका रकान्यावर अडकलो. मालकाचं नाव, पोस्टाचा पत्ता, फोन. त्या काळी हे सगळं ‘हूइज’ नावाच्या खुल्या नोंदीत जायचं. कोणीही डोमेन टाकून बघावं, पत्ता समोर. तो झाकायची सोय होती, पण दरवर्षी वेगळे पैसे मोजून. खोटा पत्ता दिला तर नोंद रद्द होऊ शकते. साखळीच्याने तसं केलं होतं, पडताळणीच्या मेलला उत्तर दिलं नाही, आणि त्याच्या कविता एका सकाळी दिसेनाशा झाल्या होत्या. त्यात 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल फिरवून समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 पुन्हा जागेवर आणलेलं. दहा वर्षांपर्यंतची शिक्षा, नाहीतर जन्मठेप. वेबसाइट चालवणं गुन्हा नव्हता, पण आमचं असणंच त्या कलमाच्या तोंडाशी होतं. घरी पोलीस आले तर आईला काय सांगायचं, हा प्रश्न पाचही जणांच्या डोक्यात होता आणि कोणी बोलत नव्हतं. संगणकाचा पंखा तेवढा ऐकू येत होता.

तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. चष्मा वर सरकवून तो रकाना वाचलात. मग पडद्यावरचा बाकीचा मजकूरही वाचलात, सावकाश, ओळ न् ओळ. मला वाटलं, संपलं. उद्यापासून इथे यायचं नाही.

तुम्ही टेबलावरून पावतीपुस्तक आणलंत, एक पावती फाडलीत आणि तिच्या मागे तुमचं नाव, क्लासचा पत्ता आणि फोन नंबर लिहून माझ्यासमोर ठेवलात. तुमचं ते वळणदार अक्षर. म्हणालात, “हा घाला. हा खोटा नाही.” मी म्हटलं, बाई, कोणी काही विचारलं तर? तुम्ही तुमचा नेहमीचा कोंकणी शब्द टाकलात: “पळोवया.” बघूया.

ती पावती माझ्याकडे आहे.

विचारणारा आलाच. कोणीतरी नोंद शोधून क्लासमध्ये फोन केला. आम्ही तिथेच होतो. पलीकडून काय चाललं होतं ते ऐकू आलं नाही, तुमचा चेहरा तेवढा लाल होत गेला. “होय, माझंच आहे,” तुम्ही म्हणालात. “मी इथे एवढी वर्षं टायपिंग शिकवते. रविवार सोडून कधीही या, जिना डावीकडे आहे.” रिसीव्हर ठेवलात आणि फोंड्याच्याला म्हणालात, “तुझा ऱ्हस्व चुकलाय, तिसरी ओळ.” तो माणूस जिना चढून कधी आला नाही. आला असता तर तुम्ही त्याला बसायला खुर्ची दिली असतीत, याची मला खात्री आहे.

ऱ्हस्व-दीर्घावरून आठवलं. फोंड्याच्याचा सगळा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला नुसती अगम्य चिन्हं दिसायची, आणि शोधलं तरी सापडायचं नाही. तुम्ही तो पहिल्यापासून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल असा, टाइप केलात, क्लास सुटल्यावर, दिवे गेले की मेणबत्तीच्या उजेडात कागदावर खुणा करत. त्या निमित्ताने आम्हाला इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा कीबोर्ड, शिकवलंत. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या मला आजही तुमच्या आवाजात येतो: “शिफ्ट धर, जे दाब, मग डी, मग य, मग काना. घाई नको.”

आणि मजकूर नुसता टाइप केला नाहीत. जिथे ‘समुपदेशन’ होतं तिथे बोट ठेवून विचारलंत, हे कोण वाचणार? मुलगा वाचेल, आणि त्याच्यामागून एक दिवस त्याची आई वाचेल. ती डिचोलीच्या बाजारातून भाजी घेऊन येणार, चष्मा शोधणार आणि बसणार. तिला कळेल असं लिहा. मग ते वाक्य असं झालं: बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) चाचणी फुकट होते, आधी आणि नंतर तिथली माणसं तुमच्याशी नीट बोलतात, ते बोलणं ती बाहेर कोणाला सांगत नाहीत. हेच पान एका जाहिरात कंपनीने ‘प्रौढांसाठीचा मजकूर’ ठरवून आमचं खातं बंद केलं. मला त्याचा राग आजही येतो. चाचणी कुठे होते हे सांगणं अश्लील कसं? त्या महिन्याची फी तुम्ही वहीत मांडलीच नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणालात, पान भरलंय.

25 मे 2018 नंतर युरोपातल्या नव्या कायद्यामुळे माणसांची नावं-पत्ते खुल्या नोंदीतून झाकले जाऊ लागले. तुम्हाला सांगायला आलो, बाई, आता तुमचं नाव दिसत नाही. तुम्ही म्हणालात, दिसलं असतं तरी काय. पुढे 6 सप्टेंबरला नवतेज सिंग जोहर खटल्याचा निकाल आला, सज्ञान माणसांच्या संमतीच्या नात्यावरून 377 चा हात उठला. दुसऱ्या दिवशी शुक्रवारच होता. पाचही जण आलो आणि वहीत पहिल्यांदा आपापली खरी नावं लिहिली. तुम्ही ती वाचलीत, मान हलवलीत, आणि मला “पेडणे, पंखा लाव” म्हणालात.

आता आम्ही पाच नाही, बरेच झालोत. सावंतवाडीचे आहेत, बेळगावचे आहेत, कोल्हापूरचा एक आहे. नवीन कोणी आलं आणि पत्त्याच्या रकान्यावर अडकलं की आमच्यातलं कोणीतरी आपला पत्ता देतं.

गेल्या आठवड्यात डोमेनचं नूतनीकरण होतं. आईला समोर बसवलं, ती पावती दाखवली, सगळं सांगितलं. ती बराच वेळ तुमचं अक्षर बघत होती. मग म्हणाली, आपला पिनकोड नीट घाल. तेव्हा आता तिथे माझं नाव आणि पेडण्याच्या घराचा पत्ता आहे. जुन्या नोंदीवरून अजूनही तुमच्याकडे कोणाचा फोन किंवा पत्र आलं, तर त्याला सरळ माझा नंबर द्या. आणि आईला तुम्हाला भेटायचं आहे. येत्या शुक्रवारी दोन वाजता तिला घेऊन येतो.

तुमचा,
पेडणे