आपला समुद्र कुठवर होता?

आंजर्ले, ता. दापोली
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय अनंता,
स. न. वि. वि.

तुझं पत्र ऐन गणपतीत हाती पडलं. घरात पंचवीस पानं उठत होती, उत्तराला बसणं जमलंच नाही. आता मुंबईकर परतले, पक्ष लागला, ओटीवरचा गलका गेला. पडवीत बसून लिहितोय. भात निसवलंय, पाऊस झिमझिम आहे. पूर्वी या पडवीत समुद्र ऐकू यायचा तो उधाणाच्या रात्रीच. हल्ली रोज ऐकू येतो. पत्र लिहायचं खरं कारण तेच.

फोनवर तू विचारलंस, "आल्प्स कसा वाटला रे?" आणि मी "अगदी चित्रातल्यासारखा" म्हणून मोकळा झालो. शेजारी लेक बसली होती. तिने इतक्या हौसेने नेलं, तिच्यासमोर दुसरं काही बोलवेना. तुला मात्र सगळं सांगायचंय.

धाकटीचं घर स्वित्झर्लंडमध्ये, लोझानला, गॅलरीतून जिनिव्हाचं सरोवर दिसतं. पहिले चार दिवस मी त्या निळ्या पाण्याकडेच बघत होतो. जावई म्हणाले, "बाबा, हे पाणी जिथून येतं तिथे जाऊ या." म्हणून आम्ही ऱ्होन नदीच्या उगमाकडे निघालो. फुर्का घाटाची वळणं आपल्या कशेडीची आठवण करून देतात, फक्त झाड म्हणून नाही. वर एका अवघड वळणावर बेल्व्हेदेअर नावाचं जुनं हॉटेल आहे, आता बंद. ऱ्होन जिच्यातून निघते ती हिमनदी जवळून बघता यावी म्हणून ते तिथे बांधलं होतं. १८५०च्या सुमारास तिचं टोक पार खाली, ग्लेचच्या सपाटीवर टेकलेलं असायचं. आता तिथे गवत आणि गोटे आहेत, आणि हिमनदी कड्यावर मागे सरून बसली आहे.

मी डोळ्यांपुढे पांढरंशुभ्र काहीतरी धरून गेलो होतो. समोर दिसलं ते राखाडी, भेगाळलेलं, मातीने मळलेलं. मधेच एक भाग चांगला पांढरा दिसला, म्हणून मी लेकीला म्हटलं, "ते बघ, तिथे शुद्ध बर्फ आहे." ती म्हणाली, "बाबा, ते कापड आहे."

खरंच कापड होतं. पर्यटकांसाठी तिथे दर वर्षी बर्फात गुहा खोदत आले आहेत, १८७०च्या दशकापासून. ती गुहा उन्हाळ्यात टिकावी म्हणून वरून जाड पांढरी कापडं घालतात. ऊन परत फिरवायचं, एवढंच त्याचं काम. काही ठिकाणी फाटून लोंबत होती. मला आपल्या मातीच्या घरांची झडी आठवली. मिरगाच्या आधी आजोबा भिंतींना झापांची झड बांधायचे, नाहीतर पाऊस भिंत खायचा. पण आजोबांची झड चार महिन्यांची असे आणि आत घर शाबूत राही. इथे कापडाच्या कडेने पाणी गळतच होतं. वर आभाळ स्वच्छ, टळटळीत ऊन, आणि कानावर पागोळ्यांचा आवाज. पाऊस नसताना पागोळ्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या. मी आणि ही, दोघं कितीतरी वेळ नुसते उभे होतो.

खाली हिमनदीच्या टोकाशी एक तळं आहे. लेकीने सांगितलं, हे तळंसुद्धा नवं, बर्फ मागे गेला तिथे साचलेलं. बर्फावर धूळ बसली की तो काळवंडतो, काळवंडला की ऊन जास्त पितो, आणि मग आणखी लवकर संपतो. सहारातली धूळसुद्धा वाऱ्याने तिथवर येते.

आता तुझ्यासारख्या हिशेबी माणसासाठी आकडे. १९३१ ते २०१६ या काळात स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा निम्मा बर्फ गेला. म्हणजे अर्ध्याला पंच्याऐंशी वर्षं लागली. आणि पुढे २०२२ या एकाच वर्षात उरल्यातला ६ टक्के गेला, २०२३ मध्ये ४ टक्के. एखादा दुखणाईत माणूस वर्षानुवर्षं हळूहळू खंगत असतो आणि मग आठ दिवसांत एकदम उतरतो ना, तसं.

हे आकडे त्यांना ठाऊक आहेत कारण ते मोजत आले आहेत. अनंता, मला तिथे सगळ्यात लागलेली गोष्ट हीच. याच ऱ्होन हिमनदीवर १८७४ साली माणसांनी रंगवलेल्या दगडांच्या ओळी आडव्या मांडल्या होत्या, आणि पुढे वर्षानुवर्षं जाऊन कुठला दगड किती सरकला ते लिहून ठेवलं. १८७४! तेव्हा कुणाला ठाऊक होतं पुढे काय होणार? तरी त्यांनी दगड ठेवले.

मनात एक शंका होती, ती जावयांना विचारली. हे जे वितळतंय तेच आपल्या पुळणीवर येतंय का? ते म्हणाले, नाही. सगळ्या आल्प्समधला सगळा बर्फ उद्या वितळला तरी जगातला समुद्र एक मिलिमीटरसुद्धा चढणार नाही, इतका तो थोडा आहे. समुद्र चढतोय तो ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि जगभरच्या सगळ्या डोंगरांवरचा बर्फ मिळून, आणि शिवाय पाणी तापलं की ते फुगतं म्हणून. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्त जड वाटलं. म्हणजे त्यांचं दुखणं वाहत आपल्याकडे येत नाहीये. एकच ताप दोन घरांत शिरलाय.

पुढच्या आठवड्यात शामोनीला गेलो, फ्रान्सच्या हद्दीत. तिथे तुझी फार आठवण आली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तीस वर्षं काढलेला तू, आणि समोर माँ ब्लाँ. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं 'कांचनजंगा' विमान याच डोंगरावर आदळलं. ११७ माणसं गेली, त्यांत होमी भाभा. गावातून मान वर केली की बोसों हिमनदीची जीभ लोंबताना दिसते. त्या विमानाचे तुकडे, प्रवाशांच्या वस्तू, टपाल, सगळं त्या बर्फात गडप झालं होतं आणि गेली काही वर्षं एकेक करून खाली येतंय. २०१२ मध्ये भारत सरकारच्या टपालाची एक थैली मिळाली. २०२० मध्ये तिथल्या एका उपाहारगृहवाल्याला वर्तमानपत्रांचा गठ्ठा मिळाला, जानेवारी १९६६चा, इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या बातमीसकट. अक्षरं वाचता येत होती म्हणे. मी त्या रस्त्यावर उभा राहून तुला फोन लावणार होतो, पण भारतात तेव्हा रात्र होती. हात जोडले आणि निघालो.

तिथेच वर एक छोटी आगगाडी जाते, मेर द ग्लास नावाच्या हिमनदीकडे. म्हणजे 'बर्फाचा समुद्र'. स्टेशनच्या कठड्याला टेकून खाली बघायचं. समुद्र कसला, खोल दरीच्या तळाला धोंड्यांनी झाकलेला करडा पट्टा. लेक २०१९ मध्ये तिथे खाली उतरली होती, तिने तेव्हाचे फोटो दाखवले. १९८८ साली रोपवेच्या पाळण्यातून उतरलं की तीन पायऱ्यांवर बर्फ होता. ती गेली तेव्हा पाचशेच्या वर पायऱ्या. आणि उतरताना खडकावर जागोजागी पाट्या: या साली बर्फ इथवर होता. माणूस उतरतो आणि एकेक वर्ष त्याच्या डोक्यावरून जातं. फोटो बघूनच माझे गुडघे दुखले.

स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटेन गावाचं तू वाचलं असशील. आमची गाडी त्या खोऱ्याच्या तोंडावरच्या स्टेशनात थांबली, आत आम्ही गेलो नाही. डोंगराचे कडे तुटून बर्च हिमनदीवर पडत राहिले, त्या भाराने २८ मे रोजी ती हिमनदीच खाली आली आणि गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. उंच डोंगरांच्या भेगांत गोठलेलं पाणी खडकाला धरून ठेवतं. ते सुटलं की चिऱ्याच्या भिंतीतला चुना झडल्यासारखं होतं. पण तिथली तीनशे माणसं आणि गुरं नऊ दिवस आधीच बाहेर काढली होती. एक माणूस तेवढा गेला. डोंगर रोज किती हलतो ते कुणीतरी मोजत बसलेलं होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही, दरडीखाली गेलेलं महाडजवळचं तळिये डोळ्यांसमोर येत राहिलं. २२ जुलै २०२१. ऐंशीहून जास्त माणसं. त्यांना कुणी उठवलं नाही.

आणि ती मेची तारीख मला विसरताच येत नाही, कारण त्याच आठवड्यात इथे काय झालं ते तुला मी फोनवर रडतच सांगितलं होतं. पंचवीस मेला पाऊस देवगडात दाखल, सव्वीसला मुंबईत. मे महिन्यात! त्याआधीही आठवडाभर तो कोसळतच होता. माझ्या आंब्याच्या कलमांवर शेवटचा बार तसाच होता, ना पेटीला गेला ना कॅनिंगला. खाली पडून कुजला. आगोट, म्हणजे पावसाआधीची आवराआवर, साधायला कुणालाच वेळ मिळाला नाही, हर्णैच्या होड्या घाईघाईत ओढून घेतल्या. निसर्ग वादळात, २०२० च्या ३ जूनला, गेलेले माड आणि पोफळी मी पुन्हा लावल्या आहेत. अजून धरायच्यात.

एक गोष्ट राहिली आणि ती मला तुला सगळ्यात आधी सांगायची होती. आलेच ही आल्प्समधली सगळ्यात लांब हिमनदी, २० किलोमीटरहून जास्त. तिच्या खालच्या अंगाला फिश नावाचं गाव आहे. पूर्वी हिमनद्या वाढत होत्या, कडेची तळी फुटून पूर यायचे, शेतं जायची. म्हणून १६७८ साली फिशच्या आणि शेजारच्या गावकऱ्यांनी देवाला नवस बोलला: आम्ही नीट वागू, तू हा बर्फ आवर. पुढे दर वर्षी मिरवणूक काढून तीच प्रार्थना. आणि बर्फ मागे सरू लागला, सरतच राहिला. शेवटी गावकऱ्यांनी पोपकडे परवानगी मागितली, आम्हाला आमची प्रार्थना उलटी करायची आहे. २०१० मध्ये ती मिळाली. आता ते म्हणतात, देवा, बर्फ वाढू दे.

आपण देवळात देवाला घालतो त्या गाऱ्हाण्यासारखंच रे हे! तिथल्या बाकावर बसून मी मनात आपलं गाऱ्हाणं म्हणून बघितलं, आणि आपण काय बदलून मागायचं हा विचार करत राहिलो. आपला कड्यावरचा गणपती आधी खाली किनाऱ्यावर होता, देऊळ समुद्रात गेलं म्हणून देव वर आला, चढताना त्याचं पाऊल कातळावर उमटलं, ही गोष्ट आजीने आपल्या दोघांना एकाच मांडीवर सांगितली आहे. म्हणजे आपल्या गावाला समुद्र पुढे येतो हे फार पूर्वीपासून माहीत आहे. पण कुठवर होता, किती आला, कधी आला, याची एक खूण नाही. विचारलं की जो तो हात करून सांगतो, "पूर्वी त्या सुरूच्या झाडांपलीकडे होता." आणि तो सुरू तरी कुठे आहे आता? सुरूची पहिली रांग केव्हाच आडवी झाली, दुसऱ्या रांगेची मुळं उघडी पडली आहेत. बंधारा घालू म्हणतात. मला त्याची धास्तीच वाटते, कारण भिंतीला आपटलेलं पाणी शेजारची वाळू घेऊन जातं. कासवांची घरटीसुद्धा आता वर सरकवावी लागतात. वाळू फार तापली की अंड्यांतून माद्याच जास्त निघतात, हे तुला ठाऊकच आहे.

म्हणून मी ठरवलंय. येत्या २१ तारखेला सर्वपित्री अमावास्या. त्या उधाणाचं पाणी जिथवर येईल तिथे जांभ्याचा एक चिरा पुरायचा, त्यावर साल कोरायचं, आणि पाखाडीच्या वरच्या पक्क्या पायरीपासून टेपने अंतर मोजून वहीत लिहायचं. दर वर्षी याच अमावास्येला. शाळेतल्या पोरांना घेऊन करतोय, गुरुजी तयार आहेत. मी गेल्यावर ती पोरं करतील.

पण पुढचंच मोजून भागणार नाही, मागचंही हवं. तिथे तू लागतोस. तुझ्या अण्णांनी बॉक्स कॅमेऱ्याने काढलेला तो आपला फोटो, चौथीची परीक्षा संपली तेव्हाचा. आपण दोघं उलट्या होडीवर बसलोय, मागे पाखाडी थेट पुळणीपर्यंत उतरलेली दिसते. माझ्या आठवणीत त्यात पायऱ्या मोजता येतात. आज खालच्या किती पायऱ्या वाळूत गेल्या ते मी इथे मोजून ठेवतो, तू फोटोतल्या मोज. होडीच्या मागे सुरूची पहिली रांगही असावी.

दिवाळीला येशील तेव्हा मूळ फोटोच घेऊन ये, मोबाईलवर काढलेला नको, कडा कापल्या जातात. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनू

ता. क. फोटोच्या मागे अण्णा नेहमी तिथी लिहायचे. ती बघून आधी पत्राने कळव. तिथी कळली की त्या दिवशी भरती किती वाजता होती ते काढता येईल, आणि मग फोटोतलं पाणी चढतं होतं की उतरतं, हेही.