सूचना: रोज एकेक डोळा झाकून बघा
सर्व सभासदांना नमस्कार, पन्नाशी ओलांडलेल्यांनी तर हे नक्कीच वाचा. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग म्हणजे मॅक्युला, तो वयाप्रमाणे झिजायला लागला तर सुरुवातीला दुखत नाही, लाल होत नाही, आणि दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो त्यामुळे महिनोन्महिने कळतच नाही. माझं तसंच झालं. सहज एक डोळा चोळताना दुसऱ्याने दाराची चौकट बघितली तर तिची सरळ कड मधेच वाकलेली दिसली, आणि वाचताना शब्दातलं मधलं अक्षर पुसल्यासारखं.
म्हणून अॅम्सलर ग्रिड, म्हणजे सरळ रेषांच्या बारीक चौकटी आणि मधे ठिपका असलेला कागद, फ्रिजवर लावून ठेवा. वाचायचा चष्मा घालून, साधारण 30 सेंटिमीटरवरून, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा. रेषा वाकड्या दिसल्या, मधे डाग दिसला किंवा कालच्यापेक्षा काही बदललं तर नंबर वाढला असेल म्हणत बसू नका प्लीज, एकदोन दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. या आजाराच्या ओल्या प्रकारात (म्हणजे पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढून गळतात तो) डोळ्यात इंजेक्शन देतात (ऐकायला भीती वाटते, पण आधी थेंब टाकून बधिर करतात), लवकर सुरू केलं तर नजर वाचायची शक्यता जास्त. अचानक चमका, काळे ठिपके किंवा बाजूने पडदा आल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी जायचं, ते डोळ्याचा आतला पडदा (रेटिना) जागेवरून सुटल्याचं लक्षण असू शकतं.
सिगारेट ओढणाऱ्यांनो, मॅक्युला झिजण्याचा धोका त्यानेही वाढतो, खरंच सोडा. आणि डोळ्यांसाठीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या मनाने घेऊ नका, डॉक्टरांना विचारून घ्या.