वाफसा येईपर्यंत थांबा, एवढंच म्हणत होतो

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

साहेब, काल दुपारी उसाच्या खोडव्यात, म्हणजे तोडीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकात, पहारीनं खड्डा घेतला आणि मग राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला परतीचा पाऊस झाला. रानात घोट्यापर्यंत चिखल. तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयला सांगितलं, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना फोन केला, आठ-दहा दिवस थांबा, वाफसा येऊ द्या. शब्द मिळाला, की रान सुकल्याशिवाय मशीन येणार नाही आणि ट्रॉल्या बांधावरच थांबतील. तिसऱ्या रात्री साडेअकराला ऊस तोडायचं मशीन, हार्वेस्टर, रानात. मागोमाग ट्रॉल्या, रुतल्या की दुसरा ट्रॅक्टर पुढं जोडून ओढायचा. मी आडवा झालो तर म्हणाले, आज नाही तर मार्चपर्यंत तोडीचा नंबर नाही. सकाळी बघितलं तर सव्वा एकरात चाकोऱ्याच चाकोऱ्या, बुडखे चिखलात गाडलेले. सबसॉयलर, म्हणजे खालचा दडपलेला थर फोडणारं अवजार, मारून देऊ म्हणाले. तो आजतागायत आलेला नाही.

काल चाकोरीत पहार वीतभर गेली आणि थांबली. खोदून काढलेलं ढेकूळ आडव्या पापुद्र्यांनी सुटलं, कडा चाकूनं कापल्यासारख्या चकचकीत. मुळ्या खाली जायचं सोडून त्या थरावरून आडव्या पळालेल्या, चपट्या, टोकं काळी. मातीला कुजका वास. बांधालगत चाक गेलं नव्हतं, तिथली माती मुठीत घेतली तर रव्यासारखी मोकळी झाली. दोन गांडुळं निघाली.

चांगल्या रानात निम्मी माती आणि निम्मी पोकळी असते. त्या पोकळीत थोडं पाणी, थोडी हवा. त्यालाच आमचे आजे-पणजे वाफसा म्हणत आले. ओल्या रानावर वजन पडलं की आधी मोठ्या पोकळ्या मिटतात, ज्यांतून पाणी मुरतं आणि हवा खेळते. बारीक तेवढ्या उरतात, त्या पाणी धरून बसतात. म्हणून माझ्या चाकोरीत दिलेलं पाणी दोन-दोन दिवस हलत नाही, मुळी गुदमरते आणि टाकलेल्या युरियातलं नत्र वायू होऊन उडून जातं. रुंद टायरानं वरचा थर थोडाफार वाचतो. फूट-दीड फूट खाली मात्र एका आसावर किती टन आहेत, यावर सगळं ठरतं, आणि तिथं दडपलेली माती वर्षानुवर्षं सुटत नाही.

काळी माती भेगाळते, आपोआप मोकळी होते, असं मला एका सरकारी कार्यालयात ऐकवलं गेलं. होते साहेब, पण उन्हाळाभर तापली तर. खोडव्याला मी पाणी देत राहणार, तर भेगा पडणार कधी? नांगरट तर खोडव्यात नसतेच.

मशीनला माझा विरोध नाही. बीडकडची माणसं थंडीत पहाटे कोयता चालवतात, बायका डोक्यावर मोळ्या वाहतात, ते थांबलंच पाहिजे. पण सरकारनं २०२३ मध्ये हार्वेस्टरला ४० टक्के, ३५ लाखांपर्यंत अनुदान जाहीर केलं, आणि ओल्या रानात तो घालू नये असा एक साधा नियम केला नाही. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यात १२ घटक आहेत, नत्रापासून बोरॉनपर्यंत. माती किती घट्ट झाली, याचा रकाना नाही. माझ्या पत्रिकेवर माझं रान ठणठणीत आहे!

लागणीला, म्हणजे पहिल्या पिकाला, एकरी ६२ टन ऊस पडला होता. आता चाकोऱ्यांतले फुटवे मोजले तर निम्मेसुद्धा भरत नाहीत, तीस टनांच्या वर जाईल असं वाटत नाही. सोसायटीचं कर्ज आहे. वडिलांनी चाळीस वर्षं गाडीनं शेणखत ओतून हे रान केलं. त्यांना मी अजून तिकडं नेलेलं नाही. माझं बोलणं कारखान्याच्या शेतकी खात्यानं ऐकलं नाही, सरकारच्या कृषी खात्यानं ऐकलं नाही. दोघांनीही विचारलं ते एवढंच, की टनेज किती पडलं? रानातून बाहेर काय गेलं याची पावती असते, काटा असतो, साखरेचा उतारा काढतात. रानात मागं काय उरलं, हे मोजायला या अख्ख्या राज्यात एक माणूस नेमलेला नाही. गाळपाचे आकडे जाहीर करताना हे कुणाला आठवतं का?

वाफसा नसताना तोड करायला बंदी घाला, आणि त्यासाठी शेतकऱ्याचा नंबर मागं टाकू नका. भरलेली वाहनं ठरलेल्या एकाच वाटेनं जाऊ द्या. रान दडपलं तर सबसॉयलरचा खर्च तोड करणाऱ्यानं द्यावा. पत्रिकेत तेरावा रकाना घाला.

खड्डा मी बुजवलेला नाही. शेजारी बांधालगत दुसरा काढून ठेवलाय. माणूस पाठवा, दोन्हींत हात घालून बघू दे.

आपला,
कृष्णाकाठचा एक ऊस उत्पादक