जुना रंग कोरडा खरवडणे ताबडतोब थांबवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

सप्रेम नमस्कार.

रंगकामासाठी जिन्याचे कठडे आणि खिडक्यांची ग्रिल्स घासायला सुरुवात झाली आहे. सोमवारपासून बागेतले झोपाळे आणि घसरगुंडीही घासणार, असे कळले. हे काम सध्याच्या पद्धतीने पुढे नेऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपली इमारत १९८४ची. घरगुती व सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसे नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटच्या थरांत शिसे असण्याची दाट शक्यता आहे. पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत तर जास्तच, कारण त्यांचा भडकपणा बऱ्याचदा लेड क्रोमेट या शिसेयुक्त रंगद्रव्यामुळे येत असे. आपले झोपाळे पिवळे आहेत. थर शाबूत असेपर्यंत धोका कमी असतो, पण कोरडा पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावला की त्याची बारीक धूळ होते. ती आताच पॅसेजमध्ये, चपलांवर, मुलांच्या सायकलींवर बसलेली आहे.

रांगणाऱ्या मुलाचा हात जमिनीवरून थेट तोंडात जातो. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. बुद्ध्यांक घटतो, लक्ष लागत नाही, वागणे बदलते. ही हानी भरून येत नाही. शिवाय कमी प्रमाणात ना ताप येतो ना पोट दुखते, त्यामुळे आईवडिलांना पत्ताही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही. युनिसेफच्या २०२०च्या अहवालात भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात दर डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे असल्याचा अंदाज आहे. पेट्रोलमधले शिसे २००० साली गेले, तरी हा प्रश्न गेलेला नाही.

म्हणून, जुन्या रंगाचे पापुद्रे आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत. तोवर घासकाम बंद. पुढे करायचे झाल्यास पृष्ठभाग ओला करूनच घासावा, खाली प्लॅस्टिक अंथरावे, कचरा पिशवीत बांधून वेगळा ठेवावा. झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. बागेला कुलूप लावावे. नवा रंग घेताना डब्यावर शिशाचे प्रमाण वाचूनच घ्यावा. कंत्राटदार लोखंडासाठी औद्योगिक रंग सुचवतील, पण वरचा नियम त्या रंगांना लागू नाही. झोपाळ्यांना तो नको.

वॉचमनची धाकटी मुलगी दिवसभर याच पॅसेजमध्ये खेळते, आणि रंगारी हीच धूळ कपड्यांवरून आपल्या घरी, आपल्या मुलांपर्यंत नेतात. त्यांना मास्क आणि हातपाय धुण्याची सोय सोसायटीने द्यावी. खर्च वाढेल. माझ्या वाट्याची जादा रक्कम मी लगेच भरेन, आणि नमुने प्रयोगशाळेत पोहोचवण्याचे कामही करेन.

सोमवारच्या आधी निर्णय कळवावा.

आपला,
बी विंगमधील एक रहिवासी