रिचर्ड ग्लोव्हर वाचायचा तर कुठून?

मा. संपादक,

इंग्रजी महाकाव्य म्हटले की आपण मिल्टनपाशी थांबतो. रिचर्ड ग्लोव्हर (1712–1785) हे नाव मग राहूनच जाते. पेशाने लंडनचा व्यापारी, पुढे संसद सदस्य. प्राचीन ग्रीकांनी इराणी सैन्याशी दिलेल्या थर्मोपिलीच्या लढाईवरचे त्याचे ‘लिओनिडास’ 1737 मध्ये 9 सर्गांत आले आणि गाजले, कारण पंतप्रधान वॉलपोलच्या विरोधकांनी त्यात आपली स्वातंत्र्याची भाषा ऐकली. 1742 मध्ये वॉलपोल पायउतार झाला आणि ती धग ओसरली.

तो मागे पडण्याचे दुसरे कारण छंदाचे. दहा अक्षरावयवांच्या निर्यमक ओळीत मिल्टन आघात हलवतो, यती (ओळीतला विराम) सरकवतो. ग्लोव्हर लघु-गुरूचा क्रम सहसा मोडत नाही. शंभर ओळींनंतर कान थकतो. पण देवदेवतांचा हस्तक्षेप टाळून केवळ माणसांच्या निर्धारावर महाकाव्य उभे करणे हे धाडस होते, आणि त्याचे श्रेय त्याला मिळालेच पाहिजे.

नव्या वाचकाने 1740 चा ‘अ‍ॅडमिरल होझियर्स घोस्ट’ हा छोटा पोवाडा आधी वाचावा, मग ‘लिओनिडास’ची 1770 ची 12 सर्गांची आवृत्ती, रोज एकच सर्ग, मोठ्याने. मरणोत्तर आलेले 30 सर्गांचे ‘अथेनेड’ (1787) सर्वांत शेवटी.

— एक वाचक