आंबोण वाढवायचं तर हळूहळू

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, आंबोण, म्हणजे धान्य-पेंडीचा खुराक, एकदम वाढवलं तर दूध वाढायचं सोडून गाय खाणंच का टाकते, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

चाऱ्यातलं सेल्युलोज तोडणारं पाचकद्रव्य गाईच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम गाईच्या चार पोटांपैकी पहिल्या, म्हणजे कोठीपोटातले जीवाणू, आदिजीव आणि बुरशी करतात. मोठ्या गाईचं कोठीपोट १०० लिटरहून मोठं असतं आणि पोटाची डावी बाजू जवळजवळ तेच व्यापतं. आत ३९ अंशांच्या आसपास ऊब असते, ऑक्सिजन नसल्यातच जमा. तिथे चारा आंबतो आणि ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्लं तयार होऊन कोठीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात जातात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के त्यांतूनच मिळते. दुधातल्या फॅटला मुख्यतः ॲसेटिक आम्ल लागतं आणि ते तंतुमय चाऱ्यातून जास्त येतं. वैरण कमी केली की फॅट उतरते ती यामुळे. शिवाय हे जंतू चाऱ्याबरोबर पुढे वाहत चौथ्या पोटात जातात, तिथे मरतात आणि स्वतःच पचतात. गाईच्या प्रथिनांचा मोठा वाटा हाच. म्हणजे आपण गव्हाणीत टाकतो ते आधी या जंतूंसाठी.

आता आंबोणाचं. धान्यातला स्टार्च फार झपाट्याने आंबतो. एकदम जास्त पडला की लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू माजतात, आणि ते आम्ल वापरून टाकणारे जीवाणू तेवढ्या वेगाने वाढू शकत नाहीत. एरवी ६ ते ७ असलेला सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली घसरतो, चारा पचवणारे जंतू मरू लागतात, कोठीपोटाची हालचाल मंदावते. गाय खाणं टाकते, रवंथ थांबतो, शेण पातळ आणि आंबूस येतं. पुढे लंगडणंही यातूनच उद्भवतं. म्हणून कोणताही बदल १० ते १४ दिवसांत थोडा थोडा करा, दिवसाचं आंबोण दोन-तीन वेळांत वाटून द्या आणि आधी वैरण घाला. गाय चुकून धान्याच्या पोत्यावर तुटून पडली असेल, तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.

आम्लावरचा उतारा गाईपाशीच असतो, तिची लाळ. दिवसाला १०० लिटरच्या वर लाळ गळ्याखाली जाते आणि तिच्यात बायकार्बोनेट असतं. पण ती भरपूर सुटते रवंथ करताना, आणि रवंथाला लांब धाग्याचा चारा हवा. चाऱ्याची कुट्टी पिठासारखी बारीक करू नका. निरोगी गाय दिवसातून सहा-आठ तास रवंथ करते, एका घासाला साधारण ४० ते ७० वेळा चावते.

आई, रोज एक तपासणी तू करू शकतेस. डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ दाबून धर. मिनिटाला एक-दोनदा कोठीपोट मुठीला वर ढकलताना जाणवायला हवं. जाणवलं नाही तर त्या वेळचं आंबोण देऊ नकोस, नुसती वाळलेली वैरण दे आणि डॉक्टरांना कळव.

तीच भकाळी ढोलासारखी तट्ट फुगली तर पोटफुगी. ढेकर अडकला की जीव जायला काही तास पुरतात, कारण फुगलेलं पोट फुफ्फुसांना पसरू देत नाही. कोवळा, दवाने ओला लसूणघास उपाशी जनावराला दिला की फेस होतो आणि वायू त्या फेसातच अडकतो. आधी वाळलेला चारा द्या, लसूणघास सुकवून मग. फेसाची फुगी वाटली तर डॉक्टर येईपर्यंत २५० ते ५०० मि.ली. खाद्यतेल पाजता येतं. मात्र गाय उभी असावी, तोंड फार वर धरू नये आणि धार अगदी सावकाश सोडावी. श्वासनलिकेत गेलं तर ते तेलच जीव घेतं.

वैरणीत तारेचे तुकडे, खिळे राहू देऊ नका. गाय न निवडता गिळते. जड वस्तू जाळीपोटात, म्हणजे दुसऱ्या पोटात, बसते, आणि त्याच्या पुढे छाती-पोटामधल्या पडद्यापलीकडे हृदय असतं; टोकदार तार तिथवर घुसू शकते.

तुमची मुलगी