रविवारची उमेदवार भेट: जेटी नको, गटाराचं विचारा
मंडळी, रविवारी संध्याकाळी 5 वाजता रापणीच्या मांगरात, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची जाळी ठेवतो त्या शेडमध्ये, आपल्या प्रभागातले उमेदवार येतायत. पत्रकात त्यांनी पहिली जेटी घेतलीय, मग किनाऱ्यावरचे दिवे, शेवटी कचरा. जेटी राज्याच्या मेरीटाईम बोर्डाकडे, एलईडी मासेमारी (समुद्रात प्रखर दिवे लावून केलेली) मत्स्य विभागाकडे. नगरसेवकाच्या हातात तिथे फारसं काही नसतं. त्यावर वेळ घालवू नका. गटाराचं विचारा. पहिल्या पावसात सांडपाणी थेट वाळूत उतरतं, आणि रापण ओढली की बांगड्यापेक्षा पाण्याच्या बाटल्याच जास्त. वेंगुर्ल्याने कचरा वेगळा करून दाखवला, तिथून शिकायला अंतर ते किती! दिवे हवेतच, बायकांना पहाटे लिलावाला काळोखातून जावं लागतं.

प्रश्न शनिवार रात्रीपर्यंत इथेच टाका. चहा आहे, कप घरून आणा.